मामा एकटा येईल

आमच्या घराण्यात कोणी एकट्याने प्रवास करत नाही. तसा नियम कोणी घालून दिलेला नाही. पण पाहुणा निघाला की त्याला गाडीपर्यंत सोडायला घरातलं एक माणूस जातं, आणि सोडायला गेलेलं माणूस एकटं कसं परत येणार, म्हणून त्याच्याबरोबर आणखी एक जातं. गाडी सुटेपर्यंत थांबायचं, ती वळणाआड जाईपर्यंत हात हलवायचा आणि मगच परतायचं. माझे वडील एकदा एका मित्राला स्टेशनवर सोडायला गेले, तो मित्र त्यांना घरी पोचवायला परत आला, मग वडील पुन्हा त्याला सोडायला निघाले, आणि हे दिवेलागणीपर्यंत चाललं, अशी गोष्ट आमच्या गल्लीत सांगतात. ती खरी नसावी. पण ती खोटी आहे असं आमच्यापैकी कोणी ठासून सांगितल्याचंही मला आठवत नाही.

अशा घरात वाढलेला मी सत्तरी ओलांडेपर्यंत एकटा कुठेही गेलो नाही, यात नवल नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. छापखाना घराच्या मागच्याच गल्लीत होता. बाकीचं जग मी पुस्तकांतून पाहिलं आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही. बसस्थानकात मात्र, बायको सोबत असली तरी, माझे तळहात ओले व्हायचे. गाडी चुकेल, गाडी मिळेल पण ती भलतीच असेल, गाडी बरोबर असेल पण मीच भलत्या ठिकाणी उतरेन, असं एकामागून एक मनात येत राहायचं. हे मी कोणाला सांगत नसे. बायकोला न सांगता कळत असे.

मला एकच मोठी बहीण आहे, अक्का. सकाळच्या बसने निघालं तर दुपार कलताना पोचता येईल एवढ्या अंतरावर ती राहते. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, आणि पुढच्या खोलीत खिडकीजवळ तिचं शिवणयंत्र. शाळेचे गणवेश शिवणं, पँटचे पाय आखूड करणं, बिघडलेल्या चेन बदलून देणं, ही कामं ती अजून करते. मेहुणे गेल्यावर याच यंत्रावर तिने मुलाला वाढवलं, शिकवलं. तो मुलगा, म्हणजे माझा भाचा, आता विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कुठलं संकट कोणावर कितपत येऊ शकतं याचा अंदाज बांधणं हे त्याचं रोजचं कामच. मध्यंतरी अक्का न्हाणीघरात घसरली. कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण भाच्याचा अंदाज बांधून झाला. त्याने रजा काढली, येऊन तिच्या भिंतीवरची लाकडी फळी उतरवली, भांडी आणि दोऱ्याची रिळं खोक्यांत भरायला घेतली, आणि तिला आपल्या अकराव्या मजल्यावरच्या घरी न्यायचं ठरवून टाकलं. घर विकायचं. यंत्रही विकायचं, कारण वर ते ठेवायला जागा नव्हती.

भाचा वाईट नाही. आई पडल्यापासून त्याला रात्रीची धड झोप लागत नव्हती, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं होतं.

अक्काचा फोन आला तेव्हा तो तिच्या शेजारीच उभा होता आणि तिने आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे दोघांचं भांडण मला घरबसल्या ऐकायला मिळालं. तो म्हणत होता की आपल्या घरात कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा कोणी एकटं जात नाही आणि तू एकटी राहायच्या गोष्टी करतेस. ती म्हणत होती की राहायला काय लागतं, मी राहतेच आहे. तो म्हणाला, राहतेस कुठे, पडतेस. मग माझं नाव निघालं. एवढा शिकलेला, एवढी पुस्तकं वाचलेला मामा, तोही या वयात बायकोचा पदर धरून बसमध्ये चढतो, असं काहीसं तो म्हणाला. हे अगदी बरोबर होतं.

"मामांना सांग, एकट्याने तुझ्या दारापर्यंत येऊन दाखवा," भाचा म्हणाला. "आले, तर मी ही खोकी स्वतः उघडतो आणि पुन्हा हा विषय काढत नाही."

"येईल," अक्का म्हणाली. "तुझा मामा एकटा येईल. येत्या शनिवारी."

मी फोन कानाला लावून उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

बायको ज्या घरातून आली तिथे पाहुण्याला दारातूनच 'या हं' म्हणतात आणि दार लावून घेतात. आमच्याकडे आल्यापासून ती आमच्या सोडण्या-पोचवण्याला हसत आली आहे. या वेळी मात्र ती हसली नाही. घर गेलं तर अक्का वर्षभरसुद्धा धड राहणार नाही, एवढंच ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी माझ्या पद्धतीने तयारी सुरू केली, म्हणजे वाचनालयात गेलो. एकट्याने केलेल्या प्रवासांवरची तीन जाडजूड पुस्तकं आणली. त्यांतल्या एकाने वाळवंट पार केलं होतं, दुसरा बर्फात झोपला होता, तिसऱ्याने लहानशा होडीतून समुद्र ओलांडला होता. पण एकटा माणूस बसस्थानकातल्या स्वच्छतागृहात गेला तर त्याने बॅग कुठे ठेवायची, हे तिघांपैकी एकानेही लिहिलं नव्हतं.

"बरोबर न्यायची," बायको म्हणाली आणि पुस्तकं परत करायला लावली.

मग तिने मला शहरातल्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. पहिल्या दिवशी मी वाटेतच उतरून चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर पोचलो, पण तिथे छातीत असं धडधडू लागलं की आलो त्याच बसमध्ये न उतरता बसून राहिलो. घरी आल्यावर मी तिला खरं सांगितलं. माझ्याच्याने हे व्हायचं नाही, कारण भीती जात नाही.

"घाबरायचं तर खुशाल घाबरा," ती म्हणाली. "पण बसून घाबरा. उभ्याने घाबरलं की माणूस चालायला लागतो, आणि मग भलतीकडेच जातो. खाली बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, आणि काय घाबरायचं ते घाबरून घ्यायचं."

भीती घालवायची नाही, नुसती बसवायची, हे मला जरा जमण्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर मी उतरलो, बाकावर बसलो आणि यथासांग घाबरलो. थोड्या वेळाने घाबरून झालं, तेव्हा पुढची बस आली.

सदऱ्याला आतून तिने एक खिसा शिवला. त्यात माझं ओळखपत्र, परतीपुरते पैसे आणि आमच्या घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. बाकी सगळं नेहमीच्या पाकिटात, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील. गाडी दिवसाचीच घ्यायची, अंधार पडायच्या आत पोचायचं, जागा ड्रायव्हरच्या मागची धरायची. आणि सोबत कोणी आहे का असं अनोळखी माणसाने विचारलं, तर एकटा आहे असं सांगायचं नाही.

"मग काय, खोटं बोलायचं?" मी विचारलं.

"सराव करा," ती म्हणाली.

शुक्रवारी लेक आणि जावई येऊन गेले. लेक आमच्या घराण्याची अस्सल वारस आहे. ती रडली, मी तुमच्याबरोबर येते म्हणाली, मग निदान अर्ध्या वाटेपर्यंत येते म्हणाली. बायकोने तिला गप्प केलं. जावई स्वभावाने अबोल. ते चहा पिऊन नुसते मान हलवत होते.

शनिवारी सकाळी बायकोने मला दारातूनच निरोप दिला आणि खरोखर दार लावून घेतलं. मी बंद दाराकडे क्षणभर पाहिलं आणि निघालो.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. बॅग वरच्या फळीवर ठेवली. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच लेकीचा फोन आला, बाबा, कुठे पोचलात? बाहेर दिसलं ते मी सांगितलं, एक कारखाना होता. थोड्या वेळाने पुन्हा फोन. या वेळी एक तळं होतं. मग एक पूल. माझा आवाज फोनवर नको तितका चढतो, त्यामुळे आजूबाजूचे लोक मी सांगेन तिकडे माना वळवून पाहू लागले. शेवटी मला इतकी लाज वाटली की फोन टॉवेलात गुंडाळून मी बॅगेत ठेवून दिला. बायकोला विचारलं असतं तर तिने हे करू दिलं नसतं.

माझ्या शेजारी चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या, वयाने माझ्याच जवळपासच्या. वाटेत एका मोठ्या स्थानकावर आमची गाडी चहापाण्यासाठी थांबणार होती, तिथे उतरून त्या दुसऱ्या गाडीने लेकीकडे जाणार होत्या. त्या असा प्रवास वरचेवर करत असाव्यात, कारण सगळ्या वाटभर त्यांनी शांतपणे लोकर विणली. स्थानक आलं. त्या दोन पिशव्या घेऊन उतरल्या. मीही पाय मोकळे करायला उतरलो, आणि माझ्या हाताने माझ्या मनाला न विचारता त्यांची एक पिशवी घेतली.

"चला, सोडतो," मी म्हणालो.

त्या नको नको म्हणत होत्या. पण आमच्या घरात 'नको' हे सोडायला निघण्याआधीचं नेहमीचं बोलणं आहे, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्यांची गाडी स्थानकाच्या पार दुसऱ्या टोकाला लागली होती. मी त्यांना जागेवर बसवलं, पिशवी खिडकीतून आत दिली. मग खाली उभा राहिलो. गाडी सुटेना. त्या खिडकीतून म्हणाल्या, तुम्ही जा आता. पण गाडी सुटल्याशिवाय जायचं कसं? अखेर ती सुटली. मी हात हलवला. ती वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिलो. सत्तर वर्षांत हे काम मी कधी अर्धवट सोडलेलं नाही.

परत आलो तर माझी गाडी जागेवर नव्हती.

आधी वाटलं, ती दुसऱ्या फलाटावर लावली असेल. मग एका हमालाने सांगितलं की ती केव्हाच गेली. बॅग गेली, फोन गेला. मी ज्या ठिकाणी उभा होतो ते ठिकाण मला एकदम फार उघडं वाटू लागलं. आणि मग मी तेच केलं जे करायचं नव्हतं. उभ्याने घाबरलो, आणि गाडी गेली त्या दिशेने, फाटकाकडे चालू लागलो.

फाटकाबाहेर एका माणसाने मला हटकलं. नीटनेटका होता, आवाजही गोड. "काका, गाडी चुकली ना? काळजी करू नका. माझी गाडी उभी आहे इथे, पुढच्या थांब्यावर तुमची बस गाठून देतो. मी सोडतो तुम्हाला."

सोडतो म्हणणाऱ्याला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. मी त्याच्याबरोबर दोन-चार पावलं गेलोही. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी होती, तिच्यावर टॅक्सीची पाटी नव्हती, आणि आत आधीच एक जण बसलेला होता. त्या गोड माणसाने माझं कोपर धरलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सोबत कोणी आहे का?"

माझे पाय थांबले. बायकोने ज्या प्रश्नाचा सराव करायला सांगितलं होतं, तोच हा प्रश्न होता, आणि सराव मी केलेला नव्हता.

"भाचा आहे," मी म्हणालो. आवाज किती कापला ते मलाच ऐकू आलं. "चौकशीच्या खिडकीपाशी उभा आहे. वाट बघतोय."

मी कोपर सोडवून घेतलं आणि माणसांची गर्दी होती तिकडे, स्थानकाच्या आत, मागे न बघता चालत गेलो. तो माणूस कदाचित खरंच भला असेल. मला ते कधीच कळणार नाही. पण भल्या माणसाची माफी मनातल्या मनात मागता येते, आणि ती मी मागितली.

एक कुटुंब डबे उघडून बसलं होतं, त्यांच्या शेजारच्या बाकावर मी बसलो. दोन्ही पाय जमिनीला टेकवले. हात मांडीखाली घेतले. समोर गाड्यांच्या वेळांचा मोठा फलक होता, पण त्यावरचं एकही अक्षर डोळ्यांत शिरेना. तेव्हा मी छापखान्यात करत असे तसं केलं. मजकुराच्या भरात डोळा घसरू लागला की आम्ही पान शेवटून वाचायचो, शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापासून वर, एकेक शब्द सुटा करून. मी तो फलक खालून वर वाचू लागलो. एक गाव, एक वेळ, एक फलाट. पुन्हा एक गाव. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, प्रत्येक शब्द आपापल्या जागी निमूट बसला होता. अर्धा फलक चढून गेलो तेव्हा माझा श्वास मला ऐकू येईनासा झाला. आणखी थोडं वर गेलो तेव्हा अक्काच्या गावाला जाणारी पुढची गाडी सापडली. ती मधल्या गावांत थांबत जाणारी होती, पण उजेडात पोचणार होती.

मी चौकशीच्या खिडकीपाशी गेलो. आतल्या बाईंना मी सगळं पहिल्यापासून, म्हणजे आमच्या घराण्यापासून सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, काका, गाडी कोणती ते सांगा. मी सांगितली. त्यांनी शेवटच्या स्थानकावर फोन करून बॅग उतरवून ठेवायला सांगितलं. मग आतल्या खिशातली चिठ्ठी मी त्यांना दिली आणि त्यांनी आमच्या घरी फोन लावून दिला.

मी बायकोला काय झालं ते सांगितलं. तिने मधे एकदाही "अगं बाई" म्हटलं नाही.

"बसलात का?" तिने आधी तेच विचारलं.

"बसून झालं. आता खिडकीपाशी उभा आहे."

"बरं. आता नीट ऐका," ती म्हणाली. "मी भाच्याला फोन केला तर तो गाडी घेऊन निघेल आणि दोन-तीन तासांत तुमच्यापाशी येईल. त्यात लाज काही नाही. घर जाईल, पण तुमच्या जिवापुढे घर मोठं नाही, आणि अक्कासुद्धा हेच म्हणेल. काय करू?"

मी तारेच्या जाळीतून आतल्या बाईंच्या टेबलाकडे पाहत होतो. खरं सांगायचं तर भाच्याच्या गाडीतली मागची जागा मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसली. तिथे बसलं की पुढचं काहीच आपल्याला करायला नको. आणि तेवढ्याच स्पष्टपणे दिसली अक्काच्या खिडकीजवळची ती रिकामी जागा, जिथून यंत्र उचलून नेलं आहे.

"नको," मी म्हणालो. "पुढची गाडी आहे. मी बघितली आहे."

"मग जा," ती म्हणाली. तिचा आवाज जरासा बदलला होता. "आणि वाटेत कोणाला सोडायला उतरू नका."

त्या दुसऱ्या गाडीतल्या प्रवासाचं मला नेमकं वर्णन करता येईल की नाही, शंकाच आहे. जागा ड्रायव्हरच्या मागचीच मिळाली. हातात बॅग नाही, खिशात फोन नाही, कुठे पोचलात म्हणून विचारणारं कोणी नाही. कंडक्टरला मी उतरायचं ठिकाण सांगून ठेवलं. तळहात ओलेच होते. पण दोन गावं मागे पडल्यावर लक्षात आलं की मी बाहेर बघतो आहे, आणि जे दिसतंय ते कोणाला सांगण्यासाठी नव्हे, तर उगाचच बघतो आहे. एका घराच्या गच्चीवर एक बाई ओली चादर झटकत होती, तिचे तुषार उन्हात चमकले. सत्तर वर्षं मी खिडकीची जागा सोबतच्या माणसाला देत आलो होतो. मला हसू आलं. शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि तोही, कारण न कळता, हसला.

शेवटच्या स्थानकावर उतरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कार्यालयात बॅगेची चौकशी केली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, बॅग तुमचे जावई घेऊन गेले.

"माझे जावई इथे कसे असतील?" मी म्हणालो. "ते घरी आहेत."

त्याने खांदे उडवले. रडवेला चेहरा करून आले होते, बॅगेतला फोन वाजत होता, तो त्यांनी ओळखला, म्हणून दिली. मी म्हटलं, झालं, कोणीतरी जावई बनून बॅग पळवली. सकाळी हे झालं असतं तर मी पुन्हा उभ्याने घाबरलो असतो. आता मी स्वतःला म्हणालो, बॅग गेली, आपण आहोत. आणि बाहेर पडलो.

बाहेर आल्यावर मात्र एक नवी अडचण पुढे आली. अक्काकडे मी आजवर कितीतरी वेळा आलो असेन, पण वाट मला माहीतच नव्हती. दर वेळी कोणीतरी घ्यायला यायचं आणि मी त्याच्या मागून चालायचो. मला त्या सगळ्यांच्या टाचा आठवत होत्या, रस्ता नाही. अक्काच्या गल्लीसमोर ती गणवेश शिवते ती शाळा आहे, एवढं ठाऊक होतं. औषधाच्या दुकानात जाऊन मी शाळा विचारली. कुठे जायचं, कोणाकडे, हे सांगितलं नाही. पुढे गेल्यावर एका इस्त्रीवाल्याला पुन्हा विचारलं, आणि दोघांचं उत्तर जुळलं तेव्हाच वळलो.

गल्लीच्या तोंडाशी भाच्याची गाडी उभी होती, इंजिन चालू, दार उघडं. अक्काच्या पायरीवर माझी बॅग होती. बॅगेला दोन्ही हातांनी कवटाळून आमचे जावई बसले होते, डोक्यावर लोकरीची टोपी, तीही डोळ्यांपर्यंत ओढलेली. भाचा फोनवर मोठमोठ्याने माझं वर्णन कोणाला तरी सांगत होता. उंची मध्यम, केस पांढरे, स्वभाव घाबरट. आणि या सगळ्याच्या मागे उघड्या दारातून शिवणयंत्राचा आवाज येत होता, एका लयीत.

"भाच्या," मी म्हणालो, "घाबरट हे वर्णनात कशाला सांगतोस? ते लांबून दिसत नाही."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर आपलं काही चुकलंय असंच वाटलं. मग जावई उठले आणि मला धरून अक्षरशः रडू लागले. हळूहळू उलगडलं ते असं. लेकीने त्यांना गुपचूप माझ्या मागे पाठवलं होतं. टोपी ओढून ते त्याच बसमध्ये सगळ्यात मागे बसले होते. पण कुठेही टेकलं की झोप लागायची त्यांची सवय. कंडक्टरने सगळे आले का म्हणून विचारलं, तेव्हा ते घोरत होते. जागे झाले ते शेवटच्या स्थानकावर, आणि पाहतात तर फळीवर बॅग आहे आणि सासरे नाहीत. ती बॅग निरोपाप्रमाणे कार्यालयात गेली, तिथून त्यांनी ती मागून घेतली, पण मी मागच्या गाडीने येतोय हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकीला कळवलं, लेकीने रडत भाच्याला कळवलं, आणि आईला धक्का बसेल म्हणून माझ्या बायकोला मात्र कोणी कळवलं नव्हतं. मी कुठे आहे हे साऱ्या कुटुंबात तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि तिला कोणी विचारलं नाही.

यंत्राचा आवाज थांबला. अक्का दारात आली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"तुझ्याबरोबर कोण आलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

ती मुलाकडे वळली. "ऐकलंस?"

भाचा अजून हातात फोन धरून होता. भीती उतरल्यावर त्याला राग चढला. याला येणं म्हणतात का, तो म्हणाला. गाडी चुकली, बॅग गेली, फोन गेला, अर्धा दिवस पत्ता नाही. एकट्या माणसाचं हेच होतं, मी हेच तर सांगतोय इतके दिवस. आई न्हाणीघरात पडून राहिली आणि आम्हाला कळलंच नाही तर? शेवटच्या वाक्यावर त्याचा आवाज फुटला आणि त्याने तोंड फिरवलं.

कोणाशी वाद घालणं मला कधी जमलेलं नाही. वादात माझं म्हणणं मला दुसऱ्या दिवशी सुचतं. पण त्या संध्याकाळी ते तिथेच, पायरीवर सुचलं.

"तू म्हणतोस ते सगळं झालं," मी म्हणालो. "ज्याची मला आयुष्यभर भीती वाटत होती, ते सगळं आज एकाच दिवशी होऊन गेलं. सोबत होती, ती झोपली. मी मदत मागितली, योग्य ठिकाणी मागितली, आणि मी इथे आहे. तुझ्या आईला हे माझ्याहून चांगलं जमतं. तिला मदत कुठून मागायची ती सोय करून दे. तिला उचलून नेऊ नकोस."

जावई माझ्याकडे पाहत राहिले. भाच्याने उघड्या दारातून आत, न्हाणीघराच्या बाजूला पाहिलं.

"न्हाणीघरात धरायला दांडा बसवीन," तो शेवटी म्हणाला. "आणि फरशीवर खरखरीत पट्ट्या."

"बसव. आधीच बसवायला हवा होतास."

"रोज सकाळी उठल्यावर मला फोन करायचा. एकदाच. आणि एक किल्ली शेजारी ठेवायची."

"दोनदा केलास तर उचलणार नाही," अक्का म्हणाली. "किल्ली ठेवते."

मग तिने त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि मला दिला, बायकोला कळवायला. पलीकडून बायको एवढंच म्हणाली, उजेडात पोचलात ना? मी होय म्हणालो. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली की भांडी घासायची राहिली आहेत, ठेवते.

आम्ही आत आलो. भिंतीला लावून खोकी रचलेली होती, दोरीने बांधलेली. भाच्याने गाडीतून हातोडी आणि खिळे आणले, बाह्या वर केल्या आणि उतरवलेली लाकडी फळी भिंतीवर धरली. जावयांना अक्काने टोपी काढायला लावली आणि फळीचं दुसरं टोक धरायला उभं केलं. मी पुढे झालो, तर ती म्हणाली, तू बस, तू आज खूप केलंस. मी खिडकीपाशी बसलो. यंत्राच्या सुईखाली गणवेशाची एक बाही अर्धी शिवून तशीच राहिली होती.

"वर घे," अक्का मुलाला सांगत होती. "आणखी वर. पडले म्हणून काही माझी उंची कमी झाली नाही."

भाचा हसला. त्या दिवसात मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्याने फळी वर सरकवली आणि खिळ्यावर पहिला घाव घातला.